फुलदाण्यांचे कारखानदार

टनिक्लिफांच्या घरात त्या शनिवारी कोणीही खरं बोलायचं नाही, असं सकाळीच ठरलं होतं. घराणं मेथडिस्ट पंथाचं, देवभीरू असल्यामुळे ठरवण्याआधी रीतसर प्रार्थनाही झाली होती.

ठरवणारी अर्थात ॲडलेड, थोरली सून. "पाहुण्यांनी विचारलं, कारखान्यात काय बनवता, तर फुलदाण्या," तिने न्याहारीला सगळ्यांना बजावलं. "फारच खोलात शिरले, तर चहाचे सेट. त्यापुढे कोणी तोंड उघडायचं नाही."

"आणि कारखाना दाखवा म्हणाले तर?" जोसायाने विचारलं. हा धाकटा दीर. साचे आणि भट्ट्या याच्याकडे.

"तर म्हणावं, आज धूर फार आहे."

एवढं मात्र खरं होतं. आमच्या हॅन्लेत, इंग्लंडातल्या या कुंभारांच्या गावात, भट्ट्यांचा धूर इतका, की शेजारच्या घरात काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. ते कानांनी आणि नाकाने जाणून घ्यावं लागतं, आणि आमचे लोक ते मन लावून करतात.

सासरे जेबेझ टनिक्लिफ गेले तेव्हा लंडनपासून लिव्हरपूलपर्यंतची सभ्य माणसं त्यांनी घडवलेल्या भांड्यांवर बसत होती. ज्या गावांत लोक पूर्वी परसाकडे जाऊन राखेचा खड्डा भरत आणि पटकीने मरत, तिथे आता लोक घरातल्या घरात साखळी ओढून पाणी सोडत आणि न्यूमोनियाने मरत. ही प्रगती जेबेझची होती. पण ती चारचौघांत कशी सांगायची? ॲडलेडने थडग्यावर 'मृत्तिकेचा कलावंत' असं कोरून घेतलं. म्हातारा जिवंत असता तर दगड परत पाठवला असता.

एरवी जोसाया असल्या नाटकात पडला नसता. पण प्रश्न सेलिनाचा होता. दोन भावांच्या पाठची ही बहीण, तिशी ओलांडलेली. एकदा तिचं ठरता ठरता मोडलं होतं. मुलगा बँकेत होता. साखरपुड्याच्या मेजवानीत त्याच्या मित्रांनी हवेत साखळी ओढायचा अभिनय केला, आणि मुलगा हसला. मित्रांचं सेलिनाला काही वाटलं नाही. त्याचं हसणं मात्र तिला अजून ऐकू यायचं.

आता हा लायनेल पेव्हरेल. लिचफिल्डचा वकील, कॅथेड्रलच्या गायनात भेटलेला, अवघड प्रश्न आला की चष्मा पुसणारा. सेलिनाला तो मनापासून हवा होता. पण आईचा होकार असल्याशिवाय तो नवी टोपीसुद्धा घेत नसे. आणि आई म्हणजे कॅननची, कॅथेड्रलच्या बड्या धर्मगुरूची, विधवा, जन्म कॅथेड्रलच्या सावलीत गेलेली. ती आज चहाला येणार होती. सेलिना फुलदाण्यांना कबूल झाली ती त्यामुळे. वहिनीकडे न बघता तिने मान हलवली, आणि दिवसभर तिला स्वतःचाच राग येत राहिला.

ॲडलेडने तयारी कशी चोख केली होती. बागेच्या टोकाला जुना संडास होता, विटांचा, कौलारू. त्याच्यासमोर तिने गुलाबाचा मांडव उभा केला, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. पाहुणी चुकून तिकडे गेली तर? त्याऐवजी वरच्या मजल्यावर, जेवणघराच्या नेमकी डोक्यावर, एक खोली नव्याने सजवली होती. तिथे कारखान्याचं सगळ्यात नवं भांडं बसवलं होतं. जुन्यासारखं महोगनीच्या खोक्यात लपवलेलं नव्हे, तर एकसंध चिनीमातीचं, स्वतःच्या पायावर उभं, अंगावर निळी आयरिसची फुलं. ते बनवता हे सांगायचं नाही, पण ते आपल्या घरात आहे हे मात्र दिसलं पाहिजे, असा हा सगळा बारीक हिशेब होता.

टेबलासाठी तिने कारखान्यातच खास चहाचा सेट भाजून घेतला होता. चहाचे सेट बनवतो म्हणायचं तर एक तरी दाखवायला नको? नक्षीसाठी जुने तांब्याचे ठसे धुंडाळून तिने त्यातला सगळ्यात नाजूक निवडला, निळ्या वेलीचा. तो पूर्वी कशावर उठवत होते, हे विचारायचं मात्र तिला सुचलं नाही.

"वरचं तयार आहे ना?" तिने दुपारी नवऱ्याला विचारलं.

"माझ्या बाजूने सगळं तयार आहे," इनॉक म्हणाला.

"वरचं तयार आहे ना?" तिने दिराला विचारलं.

"माझ्या बाजूने सगळं तयार आहे," जोसाया म्हणाला.

दोघेही खरं बोलले होते. तोपर्यंत त्या घरात खरं बोललं गेलं ते एवढंच, आणि घात झाला तो त्यानेच.

इनॉकचं म्हणणं असं, की भांड्याचा सांडपाण्याचा नळ खाली वळून जमिनीतून गेला पाहिजे. वडील तसाच करत, आणि वडिलांचं नाव लावायचं तर वडिलांसारखंच वागलं पाहिजे. जोसायाचं म्हणणं, वरच्या मजल्यावर नळ मागे भिंतीतून जायला हवा, नाहीतर तो जेवणघराच्या छतातून डोकं काढील. दोघांनी महिनाभर यावर वाद घातला आणि मग कष्टाळू माणसांसारखे आपापल्या कामाला लागले. इनॉकने भांडं ओतवून घेतलं, त्याचा नळ खाली. जोसायाने भिंत फोडून लोखंडी नळ बसवला, त्याचं तोंड मागे. ते भांडं आणि तो नळ आता एकमेकांशेजारी उभे होते, आणि त्यांच्यात दोन्ही भावांत होतं तितकंच अंतर होतं. त्यात भर म्हणजे टाकी कुठे गळते का बघायला जोसायाने ती सकाळीच काठोकाठ भरून ठेवली होती.

"तू तुझं भांडं बदल," जोसाया जिन्यात म्हणाला.

"तू तुझी भिंत बदल," इनॉक म्हणाला. "आणि आज दार बंद ठेव. कोणी वर जाता कामा नये."

"त्या खोलीचीही किल्ली वहिनीकडे आहे."

"मग तिला सांग."

"बायको तुझी आहे. तू सांग."

सांगितलं कोणीच नाही.

पाहुणे वेळेवर आले. मिसेस पेव्हरेल उंच होत्या, काळ्या रेशमात, आणि खुर्चीवर बसण्याआधी खुर्चीकडे बघायची त्यांना सवय होती. लायनेल मागून आला. त्याने सेलिनाकडे पाहिलं आणि चष्मा पुसला.

टेबलाच्या डोक्याशी केझाया बसली होती, जेबेझची विधवा. तिची सकाळपासून चिडचिड चालली होती. उभा जन्म संडास विकणाऱ्या माणसाबरोबर काढूनही घरातल्या घरात जायला ती कधी राजी झाली नव्हती. जिथे अन्न शिजतं त्याच छपराखाली ते करायचं, हे तिला माणुसकीला सोडून वाटे. आणि सुनेने बागेतल्याला कुलूप घातल्यामुळे तिला आज सकाळपासून शेजारच्या बॅग्नल बाईकडे जावं लागत होतं. बॅग्नल बाई दर वेळी विचारत, "काय, घरातलं बिघडलं का?" आणि गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारत.

"इनॉक फुलदाण्यांचं फार कौतुकाने सांगतो," ॲडलेड चहा ओतताना म्हणाली.

इनॉकला खोकला आला. मग तो फुलदाण्यांविषयी बोलू लागला. फुलदाण्यांच्या माना, फुलदाण्यांचे तळ, फुलदाणीत पाणी किती असावं. एकदा फुलदाणीला जोर चांगला हवा असंही म्हणाला, आणि जोसायाने टेबलाखालून त्याच्या नडगीवर बूट आपटला. चीनमधल्या फुलदाण्या आपल्यापेक्षा मागासलेल्या आहेत, इथपर्यंत तो पोचला तेव्हा केझायाला दुसरंच काही दिसलं.

मिसेस पेव्हरेलनी चहा संपवला होता आणि त्या कपाच्या आत बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी बशी किंचित फिरवली आणि काठावरची निळी वेल बोटाने तपासली.

केझायाने स्वतःच्या कपाकडे पाहिलं, आणि पिकलेटचा, त्या लोणी लावलेल्या जाड धिरड्याचा, घास तिने चावायचा थांबवला. ती वेल जेबेझची होती. लग्नाच्या वर्षी त्याने ती काढवून घेतली होती, पहिल्या भांड्यासाठी, आणि ती भांड्याच्या आत असायची, वर नव्हे. अगं बाई, म्हातारी मनात म्हणाली, या शहाणीने कॅननच्या बायकोला कशातून चहा पाजला! आपण ओरडावं की हसावं हे तिला कळेना. शेवटी तिने आणखी एक पिकलेट घेतला.

"टार्ट फार छान आहे," लायनेल म्हणाला. "सफरचंदं कारखान्याच्या आवारातली का?"

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. नवं भांडं नीट चालतं का हे आमच्याकडे सफरचंदं टाकून बघतात. सगळी एका दमात वाहून गेली, तर भांडं पास.

"बाजारातली," जोसाया म्हणाला. "या वेळी तरी."

मिसेस पेव्हरेलनी रुमाल घडी करून ठेवला. "मला जरा हात धुवायचे आहेत."

"वर, डावीकडे," ॲडलेड उठून म्हणाली. या क्षणाची ती आठवडाभर वाट बघत होती. "मी दार उघडून देते. नवीच खोली आहे, तुम्हाला आवडेल."

इनॉक अर्धा उठला, आणि मग त्याला उठण्याचं कारण सांगावं लागलं असतं म्हणून परत बसला. जोसायाने छताकडे पाहिलं. ॲडलेड वर गेली, हसऱ्या चेहऱ्याने खाली आली आणि टार्ट कापू लागली. वर दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

"टाकी रिकामी आहे ना?" इनॉक ओठ न हलवता म्हणाला.

"भरलेली आहे."

"तुला कोणी सांगितलं होतं भरायला?"

"तुला कोणी सांगितलं होतं नळ खाली काढायला?"

"काय झालं?" सेलिनाने विचारलं. ती जोसायाच्या शेजारी होती. जोसायाने तिच्या कानात दोन वाक्यं सांगितली, आणि सेलिना टेबलाकडे बघत राहिली. मधोमध टार्ट, हॅम, उकडलेली बैलाची जीभ, निळ्या वेलीचे कप, पलीकडे लायनेल. त्या सगळ्याच्या वर, एका फळीच्या आणि एका गिलाव्याच्या अंतरावर, कॅननची विधवा साखळीखाली उभी.

"कोणीतरी जा वर," ती हळूच म्हणाली.

"आणि म्हणायचं काय?" इनॉक कुजबुजला. "की ओढू नका? का नको, असं त्यांनी विचारलं तर? फुलदाणीवाल्याला ते कसं माहीत?"

"मग त्यांच्या हातून ते होऊ द्यायचं?"

"जमीन जाड आहे," इनॉक म्हणाला. पंचक्रोशीत सांडपाण्याचं ज्ञान सगळ्यात जास्त त्याला होतं. तरी तो असं म्हणाला, कारण माणूस अडचणीत आला की ज्ञानाचा उपयोग होत नाही.

सेलिना उठली. ती जिन्याकडे निघाली तेव्हा ॲडलेडने तिचा हात धरला. "बस खाली. तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं?"

"म्हणूनच जातेय," सेलिना म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

जिना चढताना तिला भीती वाटत होती, आणि ती नेमकी कशाची हे तिला पक्कं ठाऊक होतं. खरं सांगितलं तर लायनेल जाईल. नाही सांगितलं तर लायनेल राहील, आणि दर नाताळाला, दर चहाला ती फुलदाण्यांच्या गोष्टी सांगत बसेल, मरेपर्यंत. तिने दारावर टकटक केलं.

"मिसेस पेव्हरेल, कृपा करून साखळी ओढू नका."

तिने तोंड दाराच्या फटीशी नेलं.

"ते भांडं कशालाच जोडलेलं नाही. माझ्या भावांचं भांडण आहे. पाणी सोडलं तर ते खाली चहावर येईल."

"म्हणजे वापरूही नये, असंच ना?"

"हो."

"ते मला कळलं. भांड्याच्या तळाशी पाणी नाही. ठणठणीत कोरडं भांडं दिसलं की माणसाने थांबावं, एवढी अक्कल मला आहे."

सेलिनाने कपाळ दाराला टेकवलं. आता परत फिरता आलं असतं. काम झालं होतं. खाली जाऊन टार्ट खाता आला असता.

"आम्ही फुलदाण्या बनवत नाही," ती म्हणाली. "एकही कधी बनवली नाही. आम्ही हेच बनवतो. माझ्या वडिलांनी जन्मभर हेच केलं, आणि चांगलं केलं. मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. मला भीती वाटली, कारण मला लायनेल हवा आहे."

"टनिक्लिफ, हॅन्ले," आतून शांत आवाज आला. "फितीची गाठ, त्यात नाव, भोवती निळी वेल. आमच्याकडे ते भांडं लायनेल चार वर्षांचा असल्यापासून आहे. रोज सकाळी बघते मी ती. आज तुझ्या भावजयीने मला त्यातूनच चहा पाजला."

सगळ्या इंग्लंडात आपलं नाव भांड्याच्या आत भाजून पाठवणाऱ्या घराला ते नाव कोणी वाचत असेल असं एकदाही वाटलं नव्हतं!

"म्हणजे लायनेललाही...?"

"लायनेल पहिली अक्षरं बायबलमध्ये शिकला असं कॅनन सगळ्यांना सांगायचे. तो शिकला त्या भांड्यात. कडी लावून मोठ्याने वाचत बसायचा."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? तो का नाही बोलला?"

"तो कधी बोलतो? आणि मी तुमच्यापैकी कोणी बोलेल म्हणून थांबले. तर फुलदाण्या निघाल्या. तुझा भाऊ चीनपर्यंत पोचला तेव्हा मी उठले." कडी निघाली. मिसेस पेव्हरेल दारात उभ्या होत्या, हातमोजे घातलेल्या. "आता मला खरोखरच जायचंय. या घरात त्याची सोय कुठे आहे, की तीही फुलदाणीतच?"

खाली सगळे छताकडे बघत बसले होते. दोघी जिना उतरून आल्या तशी सगळ्यांची नजर एकदम टार्टवर गेली.

"वहिनी, बागेतली किल्ली दे," सेलिना म्हणाली.

"कसली किल्ली?" ॲडलेड हसत म्हणाली. तिचं हसू आता चेहऱ्यावर एकटंच उरलं होतं. "बागेत काय आहे? गुलाब आहेत."

"संडासाची किल्ली," केझाया टेबलाच्या टोकाकडून म्हणाली. "सूनबाई, ती दे. मला दिवसभर बॅग्नल बाईकडे धाडलंस ते धाडलंस. पाहुण्यांना नको धाडूस, ती त्यांनाही विचारेल."

"आई, पाहुण्यांसमोर..."

"पाहुण्यांसाठीच."

ॲडलेडने नवऱ्याकडे पाहिलं. एरवी इनॉक तिच्या बाजूने उभा राहिला असता, पण आता तो जोसायाकडे बघत होता आणि जोसाया त्याच्याकडे. छत कोरडं आहे हे पाहून महिन्याभरात प्रथमच दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. "दे ना," इनॉक म्हणाला. लायनेलने चष्मा काढला, पुसला नाही, आणि सेलिनाकडे बघून हसला. बँकेतल्या मुलाचं ते हसू नव्हे. सेलिनाला हे इतकं स्पष्ट कळलं की तिला रडूच आलं, आणि तशीच तिने किल्लीसाठी हात पुढे केला.

दोघी जेवणघराच्या खिडकीसमोरून विटांच्या वाटेने गेल्या. ॲडलेडने पडदा ओढला. केझायाने तो परत उघडला.

मांडवाचे काटे मिसेस पेव्हरेलच्या रेशमाला लागले. सेलिनाने ते एकेक सोडवले आणि कुलूप काढलं. आत चुन्याचा आणि राखेचा वास होता, फळी घासून पांढरी झालेली, आणि फळीत शेजारी शेजारी दोन भोकं, दोन्हींवर लाकडी झाकणं.

"दोन?" मिसेस पेव्हरेल म्हणाल्या.

"आजीच्या वेळचं आहे. आजी आणि आई इथेच बोलायला यायच्या. घरात पुरुष असायचे."

"माझ्या वडिलांच्या घरी तीन होती. तिसरं लहान, माझं." त्यांनी दोन्ही झाकणांकडे पाहिलं, मग एकीकडे बोट केलं. "बस."

"मला नाही जायचं."

"मी विचारलं का? झाकणावर बस. मला बोलायचंय."

सेलिना बसली. मिसेस पेव्हरेलनी दार ओढून घेतलं आणि उभ्याउभ्याच हातमोजे काढू लागल्या.

"लिचफिल्डच्या बायका मी ओळखते," त्या म्हणाल्या. "पहिल्याच चहाला विचारतील, माहेरचे काय करतात? त्यांना माहीत असेल, तरी विचारतील. कप हातात धरून, मान वाकडी करून. लायनेल चष्मा पुसेल, त्याची आशा धरू नकोस. मी काही तुझ्या वतीने बोलणार नाही. तू काय सांगशील?"

सेलिनाला ते हसू ऐकू आलं, साखरपुड्यातलं, नेहमीसारखं. या वेळी तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणेन, घरी गेल्यावर भांड्यात वाचून बघा."

मिसेस पेव्हरेलनी दुसरा हातमोजा काढला, दोन्ही नीट जुळवून सेलिनाच्या मांडीवर ठेवले, आणि शेजारचं झाकण उचललं.

"लग्न सप्टेंबरात," त्या म्हणाल्या. "आता तोंड तिकडे कर."